काळविटांची हजेरी

मुलांनो, मी नाव पुकारलं की 'हजर बाई' असं उत्तर येतं आणि पाच मिनिटांत हजेरी संपते. पण आपल्या नाशिक जिल्ह्यात एक वर्ग असा आहे, की तिथे कुणी 'हजर' म्हणतच नाही. उलट माणूस दिसला की सगळे उड्या मारत पसार! येवला तालुक्यातल्या ममदापूर-राजापूरच्या माळावर हा वर्ग भरतो. तिथलं सुमारे 54 चौरस किलोमीटर रान काळविटांसाठी राखलेलं आहे. (आपण त्यांना हरणं म्हणतो खरं, पण हरणाची शिंगं दरवर्षी गळून पडतात, काळविटाची पीळदार शिंगं जन्मभर टिकतात.)

मग यांची हजेरी घ्यायची कशी? एक रीत जुनी. बुद्धपौर्णिमेला वनखात्याची माणसं पाणवठ्यावर मचाण बांधून बसतात. तेव्हा ओढे आटलेले असतात, रात्री लख्ख चांदणं असतं. पाण्यावर येईल तो प्राणी वहीत टिपायचा. सोपं वाटतं ना? पण तोच कळप दुपारी आला नि संध्याकाळी परत आला तर? आणि अवकाळी पावसाने डबकी भरली, तर पाणवठ्यावर येतंय कोण!

दुसरी रीत मला जास्त पटते. माळावर ठरावीक सरळ रेषा आखायच्या नि सकाळी त्यांवरून चालायचं. कळप दिसला की नर किती, माद्या किती, रेषेपासून अंतर किती, ते लिहायचं. जवळचे बहुतेक दिसतात, लांबचे निसटतात. अंतर वाढेल तसे किती निसटतात याचा हिशेब मांडला, की न दिसलेल्यांचाही अंदाज येतो. मोठा नर लगेच ओळखू येतो, पाठ काळी नि पोट पांढरं. माद्या भुरकट. तान्ही पाडसं मात्र गवतात दडून बसतात, ती कुठल्या वहीत येणार?

त्या भागात शिकवत असताना एका मुलाच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "बाई, हरणं मोजतात, आमची नुकसानी कोण मोजतं?" प्रश्न रास्त होता. कोवळ्या पिकात कळप शिरला की शेतकऱ्याचं वर्ष जातं. सरकार भरपाई देतं, पण पंचनाम्याला खेटे घालावे लागतात. तिकडे उन्हाळ्यात पाण्यासाठी भटकणारी काळविटं विहिरीत पडतात, गाडीखाली येतात. शेतकरी म्हणतो 'फार झालीत', मेलेलं काळवीट पाहणारा म्हणतो 'संपत चाललीत'. दोघंही डोळ्यांनी पाहिलेलंच सांगतात. म्हणून तर त्याच जागी, त्याच रीतीने, दरवर्षी मोजायचं.

कधी त्या रस्त्याने गेलात, तर बाबांना गाडी हळू घ्यायला सांगा. एक काळवीट आडवं गेलं की थांबा, मागे आणखी असतात. नर वेगळे मोजायचे, बरं का!