रिकामी खुर्ची

बाबा जुने काँग्रेसवाले, मामा पक्का भाजपवाला. बाबांचं गाव वरोरा तालुक्यात, म्हणजे चंद्रपूर लोकसभेत. मामाचं गाव शेजारच्या चिमूर तालुक्यात, पण त्याची लोकसभा गडचिरोली-चिमूर. दोघांच्याही शेतातली तूर लोळवतात ती मात्र रानडुकरंच. मी पुण्यात कोड लिहितो आणि राजकारणाची बातमी दिसली की अंगठ्याने वर ढकलतो.

डिसेंबर २०२३मध्ये गावी गेलो, तेव्हा मामाही आला होता. टीव्हीवर एकच विषय. संसदेतले विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित! १३ डिसेंबरला दोन तरुणांनी लोकसभेत उडी मारली होती, त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून हे खासदार अडून बसले होते.

"गोंधळ घालतीन तर हाकलतीनच ना, भाऊजी," मामा हसला.

"आमचा तर हाकलाले बी नाही रायला," बाबा म्हणाले.

खरंच होतं. २०१९मध्ये काँग्रेसचा राज्यातून एकच खासदार निवडून आला, तो आमचा. बाळू धानोरकर. ३० मे २०२३ला ते गेले. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, असं कायदा सांगतो. वर्षापेक्षा कमी मुदत उरली असेल तर सूट. इथे वर्षाहून थोडी जास्तच उरली होती. पोटनिवडणूक झालीच नाही.

"अन् तुह्या आमदाराले काढलं होतं तवा?" बाबांनी विचारलं. मामाचं हसू गेलं. "तो अन्यायच होता."

५ जुलै २०२१. तेव्हा भाजप विरोधात होता. ओबीसी आरक्षणाच्या ठरावावरून विधानसभेत गोंधळ झाला आणि भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. त्यांत चिमूरचे बंटी भांगडियाही होते. २८ जानेवारी २०२२ला सुप्रीम कोर्टाने ते निलंबन रद्द केलं. चालू अधिवेशनापलीकडे निलंबन करता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. रात्री मी फोनवर त्याबद्दल वाचत बसलो. आमदाराची हकालपट्टी झाली तर पोटनिवडणूक तरी होते. वर्षभराच्या निलंबनात जागा रिकामीही नाही आणि भरलेलीही नाही. शिक्षा आमदाराला होते आणि भोगतो मतदारसंघ.

म्हणजे बाबा आणि मामा एकच तक्रार करत होते, फक्त पाळीपाळीने.

आमच्या कामात ऑन-कॉल असतो. रात्री सिस्टिम पडली तर फोन कुणी उचलायचा, ते आधीच ठरलेलं. सत्तेबाहेरच्या माणसासाठी विरोधी पक्षनेता म्हणजे तोच. आणि आमच्या जिल्ह्याला हे पद मिळालं तेही कसं? ब्रह्मपुरीचे विजय वडेट्टीवार दोनदा विरोधी पक्षनेते झाले. २०१९मध्ये, कारण आधीचे राधाकृष्ण विखे पाटील भाजपमध्ये गेले. २०२३मध्ये, कारण आधीचे अजित पवार सरकारात गेले. दोन्ही वेळा ऑन-कॉलवरचा माणूसच पलीकडच्या टीममध्ये!

मग रिकाम्या खुर्चीवर पक्षातच ओढाताण सुरू झाली. बाळूभाऊंच्या पत्नी, वरोऱ्याच्या आमदार प्रतिभाताई धानोरकर एकीकडे. वडेट्टीवारांच्या कन्या शिवानी दुसरीकडे. बाबा रोज पेपर उघडून तिकिटाची बातमी शोधायचे. तुरीची बातमी नसायचीच. अखेर तिकीट प्रतिभाताईंना मिळालं आणि अडीच लाखांहून जास्त मतांनी त्या जिंकल्या. वर्षभर रिकामी राहिलेली खुर्ची जून २०२४मध्ये भरली.

पण त्याच वर्षी विधानसभेत विरोधकांपैकी एकाही पक्षाला २९चा आकडा गाठता आला नाही आणि नव्या सभागृहाचं कामकाज विरोधी पक्षनेत्याविनाच सुरू झालं. मामाचा पक्ष सत्तेत आहे, त्यामुळे तो खूश असेल असं वाटलं होतं. फोनवर म्हणाला, "आमचेच लोक हायेत, त्यायले कोन विचारन?"

त्या डिसेंबरात बाबांनी माझ्या फोनवर लोळलेल्या तुरीचे फोटो काढले होते. पंचनामा वनखातं करतं. पण वन्यजीव कायदा १९७२चा, संसदेने केलेला. त्यात काही बदला म्हणायचं तर दिल्लीत माणूस हवा.

"पाठवू कोनाले?" त्यांनी विचारलं होतं.

मी कॉन्टॅक्ट लिस्ट वरून खालपर्यंत पाहिली. फोटो अजून फोनमध्येच आहेत.