झील

भाच्याच्या लग्नाचा गोंधळ होता, तुळजापूरपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यात. पाटावर चौक भरलेला, पाच ऊस शेंड्याला बांधून उभे केलेले, दिवटी पेटलेली. रात्रीचे अकरा. गोंधळ्यानं कमरेला संबळ बांधला. शेजारी पाहिलं तर तुणतुणेवाल्याची जागा रिकामी. दिवटी धरायला तेवढा बारा-तेरा वर्षांचा पोरगा. मग गोंधळ्यानं कवड्यांच्या माळेत अडकवलेला मुठीएवढा निळा स्पीकर चालू केला. आधी खरखर आली, मग तुणतुणं, आणि तुणतुण्यामागून एक उंच, जरासा नाकातला आवाज, पुढच्याची ओळ उचलून धरणारा. झील.

मांडवातलं कुणी हललंसुद्धा नाही. बायका हळदीच्या गप्पांत होत्या. मी मात्र पुढं सरकून बसलो.

मला पहिल्यापासून ही खोड आहे. जोडी गात असली की कान दुसऱ्याकडं जातो. पोवाड्यात शाहिरापेक्षा मागं उभा राहून ‘जी जी’ ताणणारा, तमाशात कानावर हात ठेवलेला सुरत्या. त्याचं नाव पत्रिकेवर नसतं, आणि तो अर्धा श्वास चुकला तर पुढचा तोंडावर पडतो.

आमच्या लहानपणी जोडी म्हणजे आनंद-मिलिंद शिंदे. मंगळवेढ्याकडच्या प्रल्हाद शिंद्यांची पोरं. सोलापूरला बाजाराला गेलेला माणूस परत येताना कॅसेट आणणार, आणि ‘नवीन पोपट’ महिनाभर पिठाच्या गिरणीवर वाजणार. १९८८ साली ‘कयामत से कयामत तक’ आला, त्याच्या कॅसेटवरही संगीत आनंद-मिलिंद. झालं. आमच्या गल्लीत दोन वर्षं ठाम समज होता की पोपटवाल्या भावांनीच हे आमिर खानचं काम केलंय. ते आनंद-मिलिंद वेगळे, चित्रगुप्त या संगीतकाराचे मुलगे, हे एका बदलून आलेल्या मास्तरांनी सांगितलं, तेव्हा मास्तरांनाच वेड्यात काढलं. मला अजूनही वाटतं, आमचा समज जास्त रंगतदार होता.

पुढं अजय-अतुल आले. ‘जोगवा’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ‘लल्लाटी भंडार’ आजही लागलं की आमच्याकडं म्हातारी माणसं बसल्या जागी खांदे हलवतात. ‘सैराट’चं वाद्यवृंदाचं काम त्यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन केलं. त्या व्हायोलिनांचा डोंगर मला आवडतो, नाही असं नाही. पण जिथं संबळ चामड्यासकट ऐकू येतो तिथं ते भाऊ जास्त खरे वाटतात. अजयचा गळा सगळ्यांना ओळखू येतो. मी गाणं ऐकताना अतुल कुठं असेल ते शोधत बसतो.

गोंधळी मात्र त्या रात्री काही तरी विचित्र करत होता, आणि ते काय ते मला अर्ध्या तासानं कळलं. गोंधळात लय पुढच्याची. त्याला वाटलं की तो थांबतो, घरधन्याची थट्टा करतो, म्हातारीला देवीचं नाव घ्यायला लावतो, ओळ पुन्हा घेतो. मागच्यानं सांभाळून घ्यायचं. इथं उलटं झालं होतं. मागचा डबीत बंद होता आणि डबी थांबत नव्हती. हा ओळ लवकर संपवायचा आणि झील यायची वाट बघत, मान किंचित तिरकी करून उभा राहायचा. कधी थट्टा अर्ध्यात तोडून धावत जाऊन आवाजाला गाठायचा. जिवंत माणूस झील धरत होता आणि स्पीकर नाईक, म्हणजे पुढचा, झाला होता.

मध्येच फोन वाजला. स्पीकरमधलं तुणतुणं गेलं आणि मोबाइलची घंटी मांडवभर झाली. पोरगं फोन बंद करायला धावलं. गोंधळी ओळीच्या टोकावर लटकलेला. तेव्हा आमच्या आत्यानं, जी आयुष्यभर आराधीण आहे आणि जिच्या परडीला मी लहानपणी घाबरायचो, तंबाखू गालात सारून बसल्या जागेवरून सूर उचलला. शेजारच्या दोघींनी तो धरला. गोंधळ्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. त्यानं त्या कडव्यात तीनदा मागं वळून ओळ घेतली. तीनदा. मग पोरानं फोन जुळवला आणि पुन्हा शर्यत सुरू.

चहाला मी विचारलं, “मामा, मागं कुणाचा आवाज?”

“धाकटा हाय आमचा. पुण्याला असतो, कंपनीत. जायच्या आधी घरी बसून भरून दिलं त्यानं सगळं. दोन घंट्याचं हाय.”

“मग सुगीला येत असेल की.”

“बांधावरनं झालं जरा.” त्यानं कप पालथा ठेवला. “चार वर्सं झाली. बोलत न्हाई.”

ते ऐकून मला एक जुनी कॅसेट आठवली. कॉलेजला औरंगाबादेत असताना होस्टेलवर एका मित्राकडं सायमन आणि गारफंकल या अमेरिकन जोडीची कॅसेट होती. इंग्रजी निम्मं कळायचं नाही. पण ‘द बॉक्सर’मध्ये शब्द संपून नुसतं ‘लाय ला लाय’ सुरू झालं की मी उठून बसायचो: ही तर झील! पॉल सायमननं पुढं सांगितलं की तिथं त्याला शब्दच सुचले नव्हते. आपल्याकडं शाहिरांना शेकडो वर्षं ते सुचलेले नाहीत आणि कुणाचं अडलेलं नाही. सायमन-गारफंकलचं ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ आधी नुसत्या गिटारवर होतं. ते ज्या तबकडीवर निघालं ती पडली, दोघं पांगले. १९६५ मध्ये टॉम विल्सन या निर्मात्यानं दोघांना न विचारता जुन्या टेपवर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम चढवले. मूळ गाण्याची लय एकसारखी नव्हती, त्यामुळं स्टुडिओतल्या वाजवणाऱ्यांना टेपच्या मागं मागं जावं लागलं. जानेवारी १९६६ मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पांगलेले दोघं पुन्हा एकत्र आले. १९७० मध्ये पुन्हा फुटले.

हे दोघं ज्यांच्याकडं बघून दोन गळे जुळवायला शिकले ते एव्हर्ली ब्रदर्स तर सख्खे भाऊ. डॉन आणि फिल. १९७३ मध्ये चालू कार्यक्रमात फिलनं गिटार आपटली आणि निघून गेला. त्यानंतर दहा वर्षं गाणं नाही, बोलणं नाही. मध्ये एकदा भेटले, वडिलांच्या अंत्यविधीला.

मांडवात हे मी मामांना सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं होतं. त्याऐवजी म्हणालो, “मामा, तेवढी झील माझ्या मोबाइलवर टाकता का?”

“न्हाई,” तो म्हणाला. रागानं नाही, पाणी नाही म्हणावं तसं. “घरचं हाय ते.”

पहाटे आरतीच्या आधी तो मला शोधत ओसरीवर आला.

“पावणं, बारीक पिनीचं चार्जर हाय का?”

मी दिला. देवघराशेजारच्या बोर्डाला त्यानं फोन लावला, पोराला त्याच्यापाशी बसवलं आणि बजावलं, “हलू नको हितनं.” मग संबळाच्या चामड्यावरून एकदा तळवा फिरवला आणि दिवटीत तेल घालायला गेला.