उणे तीनशे डॉलर

अलास्काहून आल्यापासून "आता अलास्कावर लिहा" असं बऱ्याच जणांनी सांगून झालं. वन्संचा तर दर फोनला एकच प्रश्न, "वहिनी, लिहिलंत का?" पण हिमनद्या, देवमासे आणि गरुड यांच्याबद्दल इतक्या जणांनी इतकं लिहून ठेवलंय की मी त्यात काय भर घालणार? फोटो तर सगळ्यांना पोचलेच आहेत. म्हणून आज लिहिणार आहे ते पैशांबद्दल. त्यातही एका लहानशा रकमेबद्दल, जिच्यापायी आमच्याकडे दीड दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही.

आमची लेक सिअ‍ॅटलजवळ राहते. जून २०२४ मध्ये तिने सगळ्यांची सात दिवसांची क्रूझ ठरवली. ती, जावई, दोन नातवंडं आणि आम्ही दोघं. आम्हाला वेगळी खोली, तीही गॅलरीवाली. मी लहानपणी आईबरोबर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने विजयदुर्गला जात असे. डेकवर पथारी टाकायची, ट्रंकेला टेकून बसायचं, आणि बोट लागली की लिंबू हुंगायचं. बंदर आलं की बोट खोल पाण्यातच थांबे आणि आम्हाला पडावात उतरवत. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला बोटीच्या प्रवासातली जाणकार समजत होते. हे जहाज म्हणजे मात्र आमच्या नेरूळच्या सेक्टरातल्या पाच-सहा इमारती एकीवर एक रचल्यासारखं. लिंबाची आठवणसुद्धा झाली नाही.

तर पहिल्या रात्री खोलीतल्या टीव्हीवर ह्यांनी आमचं खातं उघडून पाहिलं. तिथे लिहिलं होतं, उणे ३००.००. ह्यांचा चेहरा उतरला. "अगं, आत्ता तर चढलो आपण. तीनशे डॉलर लागले कसले?" आयुष्यभर एका खासगी कंपनीत हिशेब लिहिलेला माणूस. उणे म्हणजे देणं, हे डोक्यात पक्कं. रात्री साडेदहाला लेकीच्या खोलीवर जाऊन दार वाजवलं! ती हसायलाच लागली. म्हणाली, "बाबा, ते आपलं देणं नाही, त्यांचं आहे. ऑनबोर्ड क्रेडिट. तुमच्या खोलीच्या नावाने तीनशे डॉलर जमा आहेत. उधळा."

हे प्रकरण मला समजायला जरा वेळ लागला, म्हणून इथे सविस्तर लिहिते, कुणाला उपयोग होईल. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीची किल्ली म्हणून जे कार्ड मिळतं, तेच पाकीट. कॉफी प्या, कपडे धुवायला टाका, नाहीतर बंदरावरची सहल घ्या, सगळं त्या खात्यावर चढतं आणि शेवटच्या दिवशी हिशेब होतो. तिकीट काढताना जहाज कंपनी किंवा एजंट कधी कधी त्या खात्यात थोडी रक्कम आधीच टाकून ठेवतात. आमच्या तीनशेपैकी दोनशे कंपनीचे होते आणि शंभर एजंटाचे. एजंटाचे उरले तर परत मिळणार होते. कंपनीचे उरले तर बुडाले.

एसटीचा कंडक्टर सुटे नसले की तिकिटामागे बाकी लिहून देतो ना, अगदी तसंच. उतरण्याआधी मागून घेतले तर आपले, नाहीतर स्टँड आला, तुम्ही खाली आणि गाडी गेली. मी एकदा पेणला साडेतीन रुपये असेच घालवलेत. ह्यांना ते अजून पाठ आहेत.

तीनशे डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण पंचवीस हजार रुपये. एवढी रक्कम बुडू शकते हे कळल्यावर ह्यांना झोप कुठली! दुसऱ्या दिवशी समुद्रातच होतो, कुठलं बंदर नव्हतं. ह्यांनी सकाळी चष्मा लावून सगळे नियम वाचून काढले. त्यात ह्यांना सापडलं की स्कॅगवे बंदरावरच्या आगगाडीच्या सहलीची आमची दोन तिकिटं लेकीने मार्चमध्येच स्वतःच्या कार्डावर काढली होती. तीनशेच्या थोडी वरच रक्कम होती. क्रेडिट होतं, मग तिने स्वतःचे पैसे का भरले? तर आमच्या कंपनीच्या साइटवर आगाऊ आरक्षण करताना क्रेडिट वापरता येत नव्हतं. ते खातं जहाजावर चढल्यावरच सुरू होतं. लेकीला हे माहीत होतं. तिचा विचार सरळ होता. गाडीत जागा मिळायलाच हवी म्हणून ती तिकिटं आधी काढायची, आणि तीनशे डॉलर आईबाबांना मनासारखे खर्च करायला ठेवायचे.

ही गाडी ह्यांच्यासाठी होती, हेही सांगायला हवं. ह्यांचं आजोळ नेरळ. (नेरूळ नव्हे, नेरळ. सासरी आल्यावर पहिलं वर्षभर मला माझ्या मैत्रिणींना हा फरक समजावावा लागला होता आणि नेरूळला राहायला आल्यावर पुन्हा!) माथेरानच्या गाडीमागे धावत लहानपण गेलेलं. मामा ओरडायचा, तरी वळणावर गाडी हळू झाली की हे लटकणार. त्यामुळे अलास्कात डोंगर चढणारी जुनी अरुंद रुळांची गाडी आहे हे लेकीने सांगितल्यापासून ह्यांचं दुसरं काही चाललं नव्हतं.

आणि तरीही ह्यांनी काय करावं? मी लेकीबरोबर नातवंडांना पोहायला घेऊन गेले होते. तेवढ्यात हे एकटेच सहलींच्या काउंटरवर गेले. दोन्ही तिकिटं रद्द केली. पैसे लेकीच्या कार्डावर परत जाणार याची खात्री करून घेतली. मग तीच दोन तिकिटं क्रेडिटमधून पुन्हा मागितली. हिशेब अगदी चोख. लेकीचे तीनशे वाचले, फुकटचे तीनशे कामी आले. फक्त एक गोष्ट ह्यांच्या ध्यानात आली नव्हती. सुटलेल्या जागांवर आधीपासून लोक टपून होते. रद्द करणं आणि पुन्हा घेणं यामध्ये ह्यांनी दहा मिनिटं घालवली, कारण लेकीचे पैसे परत जातील असं त्या मुलीकडून कागदावर लिहून हवं होतं. तेवढ्यात जागा प्रतीक्षायादीवाल्यांना गेल्या. मोठ्या मिनतवारीने एक मिळाली.

ह्यांनी ती माझ्या नावावर घेतली.

रात्री जेवताना हे कळलं. वाढणारा मुलगा मडगावचा होता, तो ह्यांच्याशी मराठी-कोंकणी मिसळून गप्पा मारत होता, त्यालाही टेबलावरची शांतता जाणवली असावी. बिचारा ताटल्या उचलून निघून गेला. जावयांनी फोनवर रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर पाहिलं, त्या दिवशीच्या आमच्या वेळेत बसणाऱ्या सगळ्या गाड्या भरलेल्या. लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, मी दिलेलं तुम्ही नेहमी परत करता. फ्रिज घेतला तर चेक पाठवलात. विमानाचं तिकीट काढलं तर माझ्या मुलीच्या नावाने एफडी केलीत. मुलाने दिलं असतं तर केलं असतंत का असं?"

ह्यांनी उत्तर दिलं नाही. मला उत्तर माहीत होतं. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही, हे ह्यांच्या आईकडून आलेलं. सासूबाई नणंदेच्या घरी पाणी प्यायल्या तरी पितळी भांड्याखाली रुपया ठेवून येत. मीही कधी त्याविरुद्ध बोलले नाही. उलट त्या चेकांवर पाकिटाचा पत्ता माझ्याच अक्षरात असे, म्हणजे माझाही हात आहेच त्यात. लेक आमची एकुलती एक आहे. तिने घ्यावं आणि आम्ही द्यावं इतकंच आम्हाला येतं, उलटा रस्ता आम्ही बांधलाच नाही.

मी म्हटलं, मीही जात नाही. तेव्हा हे पहिल्यांदा आवाज चढवून बोलले, "मग तेही वाया जाणार. तू जा."

तर असं करून वयाच्या बाहत्तराव्या वर्षी मी परदेशात पहिल्यांदा एकटी कुठे तरी गेले. मी मराठी आणि इतिहास शिकवला आहे. इंग्रजी वाचायला अडत नाही, बोलायला मात्र जीभ जड. पर्समध्ये कार्ड, गळ्यात लेकीने अडकवलेला फोन नंबर, शाळेच्या सहलीतल्या मुलीसारखी.

स्कॅगवे हे गाव जेमतेम हजार-बाराशे वस्तीचं. धक्क्याशेजारच्या कड्यावर येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांची नावं आणि चिन्हं रंगवलेली आहेत. आपल्याकडे किल्ल्यावर कुणी नाव लिहिलं तर मी वर्गात ओरडत असे. इथे तेच बघायला लोक कॅमेरे काढतात!

गाडी सुरेख होती. १८९६ मध्ये क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि हजारो माणसं या वाटेने डोंगर चढू लागली. कॅनडाचे पोलीस वर्षभराचा शिधा असल्याशिवाय हद्दीत घेत नसत, म्हणजे माणशी जवळपास एक टन सामान. ते वाहता वाहता तीन हजारांवर घोडी मेली. त्या घळीचं नावच मेलेल्या घोड्यांची घळ आहे. मग १८९८ मध्ये रूळ टाकायला सुरुवात झाली आणि १९०० मध्ये व्हाइटहॉर्सपर्यंत काम पुरं झालं, तोवर सोन्याची धावपळ जवळजवळ ओसरलीही होती. पुढे खाणींच्या जिवावर रेल्वे चालली, १९८२ मध्ये बंद पडली आणि १९८८ पासून प्रवाशांसाठी पुन्हा सुरू झाली.

ह्यांना सांगायचं म्हणून मी वहीत टिपून घेतलं. रुळांमधलं अंतर तीन फूट, माथेरानचं दोन. वीस मैलांत २,८६५ फूट चढ. माथेरानची गाडी साधारण तेवढ्याच उंचीवर एकवीस किलोमीटरमध्येच नेते, म्हणजे आपली जास्त खडी. वळणं मोजायला सुरुवात केली होती, पण मध्येच धबधबा आला आणि आकडा चुकला.

एके ठिकाणी रुळाखाली काळा क्रूस दिसला. ऑगस्ट १८९८ मध्ये सुरुंग उडवताना शंभर टनांची शिळा कोसळून दोन कामगार गाडले गेले. शिळा हलवणं शक्य नव्हतं, म्हणून तिथेच क्रूस उभा केला. सगळ्या डब्याने फोटो काढले. मला आपला बोरघाट आठवला. तिथे १८५६ ते १८६३ मध्ये पटकीने आणि अपघातांनी हजारो माणसं मेली. पुण्याला जाताना मी त्यातल्या एकाच्याही नावाचा दगड पाहिलेला नाही. मुलांना शिकवताना मीसुद्धा फक्त साल आणि इंजिनियर सांगत असे.

वर खिंडीत सरहद्द आहे, दोन देशांचे झेंडे आहेत. खाली उतरायचं नसतं. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं, आणि मग सगळ्यांनी उठून बाकांच्या पाठी उलट्या दिशेला ढकलायच्या आणि पलीकडच्या प्रवाशांशी जागा बदलायची, म्हणजे येताना दरी दुसऱ्यांना दिसते. शेजारचे म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघून काही तरी म्हणाले. मला कळलं नाही. मी म्हटलं, "माय हजबंड लाइक्स ट्रेन्स." त्यांनी माझ्या शेजारची जागा पाहिली, तिथे कोणी अनोळखी बाई बसली होती, आणि मग गप्प राहिले. बहुतेक त्यांना वाटलं, हे गेले. मला दुरुस्त करायला वाक्यच जुळेना. जहाजावर येईपर्यंत जुळवत होते.

हे धक्क्यावर उभे होते. हातात माझी छत्री. तीन तास तिथेच घालवले म्हणे, गाड्या येताजाताना बघत. मी वही पुढे केली. ह्यांनी तीन फूट, दोन फूट हे वाचलं आणि विचारलं, "वळणं किती?"

हिशेब पुरा करते. एका तिकिटाचे १५९ गेले. कंपनीचे आधी वापरले जातात, म्हणजे तिथे एक्केचाळीस उरले. शेवटच्या रात्रीपर्यंत ते संपवायचे होते. जहाजाचे फोटोग्राफर उतरताना सगळ्यांचे फोटो काढतात आणि अवाच्या सवा किमतीला विकतात, हे रोज त्यांना दरोडेखोर म्हणत होते. त्यातच स्कॅगवेचा एक निघाला. मी एकटी पुढे चालले आहे, पर्स घट्ट धरून, आणि मागे दारात हे छत्री घेऊन. तो घेतला. उरलेल्यात दोघांनी खिडकीशी बसून केक खाल्ला. केक बरा होता. एजंटाचे शंभर लेकीच्या कार्डावर गेले, ते आले की नाही हे ह्यांनी नंतर दोनदाच विचारलं. एरवी चारदा विचारलं असतं.

सिअ‍ॅटलला परतल्यावर दुसऱ्या दिवशी लेक आम्हाला पाइक प्लेस मार्केटला घेऊन गेली. ते मार्केट १९०७ चं, माथेरानची गाडी सुरू झाली त्याच सालचं. हे मी सांगितल्यावर ह्यांना मार्केटबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. मासे बघितले, फुलं बघितली, मग कॉफी घेतली. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मी सवयीने ह्यांच्या खिशाकडे पाहिलं. हात दोन्ही कपावर होते. लेकीने कार्ड लावलं. ह्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." ती साखर आणायला गेली.