मालकानंतरची पेढी

कर्जाचे अर्ज तपासताना मी एक प्रश्न नेहमी विचारीत असे : 'मालकानंतर पेढी कोण चालविणार?' निवृत्तीनंतर हाच प्रश्न मला संगणकाच्या जगात भेटला.

असंख्य संकेतस्थळे ज्या वर्डप्रेस प्रणालीवर चालतात, तिचा जन्म एका थांबलेल्या कामातून झाला. 'बी-टू' ही मूळ प्रणाली लिहिणाऱ्याने तिचे काम सोडले होते. २००३ मध्ये ह्यूस्टनचा १९ वर्षांचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी ते पुढे नेले. त्यासाठी कोणाची संमती लागली नाही. मूळ परवानाच मुक्त-स्रोत होता : कोणीही वाचावे, सुधारावे, वाटावे, मात्र पुढच्यालाही तोच हक्क द्यावा.

याउलट, माझ्या भाच्याच्या कापड दुकानाचा हिशेब बंदिस्त प्रणालीत होता. ती बनविणाऱ्याने धंदा गुंडाळला आणि संगणक बदलताच आठ वर्षांची खाती उघडेनाशी झाली. वही आपली, कुलूप परक्याचे!

तथापि मुक्त म्हणजे बिनखर्ची नव्हे. चुका दुरुस्त करण्यात कोणाचा तरी वेळ खर्ची पडतोच. म्हणून २०१४ मध्ये मुलेनवेग यांनी सुचविले की, वर्डप्रेसवर कमावणाऱ्या संस्थांनी आपले ५ टक्के बळ तिच्या कामासाठी द्यावे. वहीत धर्मादायाचे पान राखणाऱ्या आपल्या घरांना हा हिशेब नवा नाही.

घरातील मुले संकेतस्थळे बनवीत असतील, तर त्यांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : किल्ली कोणाकडे आहे? आणि ज्यावर कमावता, त्यात तुमची भर किती?