पिवळ्यात का हिरव्यात?

ऑगस्ट २०२१. मी मोशीच्या फ्लॅटमध्ये वर्क फ्रॉम होम करत होतो. मीटिंग चालू असतानाच तात्यांचा फोन आला. एरवी ते आधी 'जेवलास का' विचारतात. त्या दिवशी थेट म्हणाले, "आपन पिवळ्यात हाय का हिरव्यात, तेवढं बघ."

पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप विकास आराखडा नुकताच प्रसिद्ध झाला होता. शेकडो गावं त्यात होती. चाकणच्या अलीकडचं आमचंही. नकाशावर पिवळा म्हणजे रहिवासी विभाग, हिरवा म्हणजे शेती. पिवळ्यात पडलं की गुंठ्याचा भाव उडी मारतो. हिरव्यात राहिलं की कांदा लावायचा.

पीडीएफ झूम करताना लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागला. अर्ध्या तासाने आमचा गट सापडला. हिरव्यात. पण तात्यांच्या २२ गुंठ्यांच्या मधोमध २४ मीटर रुंद रस्त्याची रेघ होती. बांधापलीकडच्या काकांच्या वावराला तीच रेघ नुसती चाटून जात होती.

"हरकत घाल," तात्या म्हणाले. "रस्ता सरकवा म्हनावं."

मी टाइप केली. रात्री नऊला काकांचा फोन. "आरं, माझीबी एक लिही. रस्ता हाय तिथंच ठेवा, आन् आमचा हिस्सा पिवळा करा."

तीही केली. त्याच वर्ड फाइलवर 'सेव्ह ॲज' मारून. गाव, तालुका, गट नंबर, सगळं सारखं. फक्त मागणी उलटी.

त्या आराखड्यावर सुमारे ६७ हजार हरकती आल्या. त्यातल्या या दोन माझ्या कीबोर्डवरच्या. सुनावणीला दोघे भाऊ माझ्याच गाडीतून आले. येताना कुणी बोललं नाही. शांतता मोडायची म्हणून मी सांगितलं, की रस्त्यात गेलेल्या जागेच्या बदल्यात टीडीआर मिळतो. म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा हक्क, तो बिल्डरला विकता येतो. तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला काय बांधायचंय?"

पुढे प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२५मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. 'हिरवळ वाचली' असं स्टेटस मी ठेवणार होतो. पण त्याच आठवड्यात गावी गेलो.

चार वर्षांत नकाशाचा रंग बदलला नव्हता, जमीन मात्र थांबली नव्हती. चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर आलेल्या पोरांना राहायला जागा लागतेच. काकांनी १० खोल्या काढल्या होत्या. उरलेल्या वावरात फक्की मारून गुंठे पाडले होते. १९४७चा तुकडेबंदी कायदा आडवा येत होता म्हणून पाच-सहा जणांचं मिळून एकच सामाईक खरेदीखत. आत जायला १० फुटांची वाट, ड्रेनेजचा पत्ता नाही. खोल्यांचं सांडपाणी बांधावरून तात्यांच्या कांद्यात उतरत होतं. कागदावर हे सगळं अजून शेतीच.

मला काकांचा राग आला. पण खोल्यांतली पोरं बघितली आणि तो टिकेना. माझ्याच वयाची. एका खोलीत सहा जण, शिफ्टप्रमाणे झोपणारी. त्यांना कुठल्या आराखड्यात पिवळा रंग मिळाला होता?

तात्यांना मी नगररचना योजनेबद्दल सांगितलं. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते नि बागा काढायच्या आणि प्रत्येकाला लहान पण रस्त्याला लागलेला भूखंड परत द्यायचा. रस्ता एकट्याच्याच वावरात जात नाही. पीएमआरडीएने माण-म्हाळुंग्याला अशी योजना आखली. चिखली आणि चऱ्होलीत महापालिकेला २०२५मध्ये विरोधामुळे ती मागे घ्यावी लागली. तात्यांनी नीट ऐकून घेतलं. "सगळ्यांचं सारखं जानार आसंल तर बघू. पर मोजनार कोन?"

मे २०२५मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेचा नवा प्रारूप आराखडा आला. त्याच महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले गेले. ते व्हिडिओ मी ऑफिसच्या बसमध्ये बघत होतो, तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: 'आपल्या गेटजवळचा डीपी रोड रद्द होऊ देऊ नका. सर्वांनी पत्रावर सही करा.'

तो रस्ता मलाही हवाय. ऑफिसची ४० मिनिटं वाचतील. मोशी १९९७मध्ये महापालिकेत आली. माझी बिल्डिंग उभी आहे तिथेही कुणाचं तरी वावर होतं. आणि हा रस्ता ज्या झेंडूच्या शेतातून जातो, ते माझ्या बाल्कनीतून दिसतं. सकाळी तिथे तात्यांच्याच वयाचे एक गृहस्थ फुलं तोडत असतात.

मी सही केली. खाली एक ओळ वाढवली: 'रस्ता करा, पण जागामालकाचा मोबदला आधी ठरवा आणि तो त्यांना मान्य हवा.' दहा मिनिटांत सेक्रेटरींचा मेसेज आला: 'दुसरी ओळ काढ ना, आपलं पत्र कमजोर होतंय.'

काढली. मग रात्री लॅपटॉप उघडला, २०२१ची ती वर्ड फाइल शोधली आणि 'सेव्ह ॲज' मारून तीच ओळ माझ्या एकट्याच्या नावाने महापालिकेला पाठवली.