कांगडीजवळची बिल्ली

चाळिशी ओलांडेपर्यंत मी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, नाहीतर फ्रीजमध्ये. मिरजेत थंडी पडली की आम्ही कानाला रुमाल बांधतो, दारात शेकोटी करतो आणि ऊन वर आलं की दोन्ही विसरून जातो. माझी एक मैत्रीण श्रीनगरची. बी.एड.साठी ती महाराष्ट्रात आली होती आणि वर्षभर माझ्या शेजारच्या बाकावर बसली होती. दरवर्षी ती फोनवर म्हणायची, "एकदा हिवाळ्यात ये." गेल्या डिसेंबरात शेवटी रजा जोडून गेले.

ते दिवस चिल्लई कलानचे होते. काश्मीरमधले लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात. 21 डिसेंबरपासून 40 दिवसांचा चिल्लई कलान, म्हणजे मोठी थंडी. मग 20 दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी 10 दिवसांचा चिल्लई बच्चा. नावं ऐकून मला आमच्या वर्गातली भावंडं आठवली. मोठा खरा दांडगट, धाकटा नुसता खोडकर. पण सत्तर दिवस काढायचे म्हणजे तयारी लागते. मैत्रिणीच्या घरी उन्हाळ्यातच वाळवून ठेवलेल्या दुधीच्या, टोमॅटोच्या, वांग्याच्या माळा होत्या. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पापड-कुरडया वाळतात, तसंच.

तिसऱ्या दिवशी फजरला जाग आली ती शांततेमुळे. गाडी नाही, कुत्रं नाही, पावलांचा आवाजही नाही. खिडकीचा पडदा सारला तर अंधारातही अंगण पांढरं दिसत होतं. ताज्या, भुसभुशीत बर्फात हवा भरलेली असते, म्हणून तो आवाज शोषून घेतो. विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं होतं. ते कानांना कळलं त्या दिवशी.

वुजूसाठी हमामात गेले. तिथल्या बऱ्याच घरांत अशी एक खोली असते. दगडी फरशीखाली लाकडं जाळतात, फरशी तापते आणि त्याच जाळावर तांब्याच्या टाकीत पाणी गरम होतं. मी पातेल्यात पाणी काढलं आणि बाह्या वर करू लागले, तेवढ्यात घरची बिल्ली आली. राखाडी रंगाची, जाडजूड. पाठीवरचे केस एका जागी करपलेले, कारण ती कांगडीला खेटून झोपते. सरळ पातेल्यात तोंड घालून ती लपलप पाणी पिऊ लागली. मी हात उगारला.

"पिऊ दे गं, बेटा," मागून मैत्रिणीची अम्मी म्हणाली. ती गुडघ्यांवर हात ठेवत खाली बसली आणि बिल्लीला नीट पिता यावं म्हणून पातेलं थोडं कलतं केलं.

मी तशीच उभी राहिले. ही गोष्ट मला माहीत होती. मी ती मुलांना सांगते. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या वुजूच्या पाण्याकडे मांजर आलं, तेव्हा त्यांनी भांडं तिच्यासाठी कलतं केलं. सून आश्चर्याने पाहू लागली, तर त्यांनी सांगितलं की प्रेषितांनी (स.) मांजराला नापाक म्हटलेलं नाही, ती तर तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे. म्हाताऱ्या अम्मीने हे कधी पुस्तकात वाचलं होतं की नाही, कोण जाणे. तिच्या हाताला ते ठाऊक होतं. मी त्याच पाण्याने वुजू केला.

नमाजनंतर आम्ही खिडकीशी बसलो. अंगात फेरन, फेरनच्या आत कांगडी. कांगडी म्हणजे वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात निखारे. समोर नून चाय, म्हणजे मिठाचा गुलाबी चहा, आणि कांदुराकडून, म्हणजे भट्टीवाल्याकडून आणलेला गरम गिरदा. पहिला घोट मी कसाबसा गिळला, तिसऱ्या कपाला मागून घेतला. साडेसातच्या सुमाराला उजाडलं. पत्र्याच्या उतरत्या छपरावरून बर्फाचा थर धपकन अंगणात पडला आणि आम्ही दोघी चाळिशीच्या बायका पोरींसारख्या ओरडलो.

बिल्लीला बाहेर जायचं होतं. दार उघडलं. तिने एक पाय बर्फावर ठेवला, उचलला, झटकला. दुसरा ठेवला, तोही झटकला. माझ्याकडे वळून असं पाहिलं की जणू हे सगळं मीच सांडून ठेवलंय. पाळीव मांजरांचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. त्यांच्या रक्तात बर्फ कुठून असणार? ती मागे फिरली, माझ्या मांडीवर चढली, फेरनच्या घेरात शिरली आणि घुरघुरू लागली. मांजराच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा जास्त असते, 38-39 अंश. एका बाजूला कांगडी, एका बाजूला ती. एवढा आराम मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

आणि तेव्हाच मला मानो आठवली.

मानो माझ्या अम्मीची बिल्ली. अम्मीच्या जानमाजच्या कडेला झोपायची, सजद्याच्या जागेवर मात्र कधी नाही. अम्मी गेली त्यानंतर चाळीस दिवस ती त्याच कोपऱ्यात बसून होती. रात्री ओरडायची. घरात केस होतात, मुलाला शिंका येतात, माझी झोप होत नाही, अशी कारणं माझ्याकडे होती. भाऊ म्हणाला, "सोडून येऊ का?" मी म्हटलं, "ये." त्याने तिला पोत्यात घातलं आणि मासळी बाजारात सोडून आला. तिथे खायला मिळेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. खरं म्हणजे तिचं ओरडणं मला ऐकवत नव्हतं, कारण ती ज्याच्यासाठी ओरडत होती त्याच्यासाठी मी रडले नव्हते.

मांजराला कोंडून उपाशी मारल्यामुळे शिक्षा झालेल्या बाईची हदीस मी वर्गात शिकवते. मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं होतं, "टीचर, आणि ज्यांनी कोंडलं नाही, फक्त सोडून दिलं, त्यांचं काय?" मी म्हटलं होतं, "तास संपला, उद्या बोलू." तो उद्या मी येऊ दिला नव्हता.

खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि मी रडत होते. मैत्रीण काही बोलली नाही. थोड्या वेळाने बाहेर जाऊन कागदाच्या पुडीत काहीतरी घेऊन आली. मी घेतली, उघडली, आत बर्फ. ती टाळ्या वाजवून हसली. हिवाळ्यातला पहिला बर्फ असा कुणाच्या हातात बेसावध दिला तर घेणाऱ्याने दावत द्यायची, अशी तिकडची जुनी रीत आहे. "मिरजेला येईन तेव्हा वसूल करीन," ती म्हणाली.

परत आल्यावर पहिल्या तासाला मी त्या मुलीला उभं केलं आणि म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. मीही एकीला सोडून दिलंय." सगळी हकीकत सांगितली. वर्ग गप्प होता. मग तिनेच विचारलं, "मग तुम्ही तिला शोधलं का?"

त्या संध्याकाळी भावाला घेऊन मासळी बाजारात गेले. मांजरं पुष्कळ होती, मानो दिसली नाही. तीन वर्षं झाली आहेत, दिसेल अशी फारशी आशाही नाही. तरी शुक्रवारी अजून जाते. अल्लाह माफ करणारा आहे, पण शोधायचं काम माझं आहे.