धडकेआधीचं पाऊल

लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा खेळाडू, म्हटलं की लोकांना धडक आठवते. याच जागेवर खेळलेल्या मला धडक दुय्यम वाटते. आमचं काम तिच्याआधी, पहिल्या पावलातच ठरून जातं, आणि कॅनडाच्या फुटबॉलमध्ये तर हे अमेरिकेहून अधिक खरं आहे. इथलं मैदान 65 यार्ड रुंद, अमेरिकी मैदानाहून जवळजवळ 12 यार्डांनी जास्त. दहा यार्ड मिळवायला चारऐवजी तीनच डाउन, म्हणजे प्रयत्न, म्हणून समोरच्या संघाची भिस्त पासवर. शिवाय स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या क्षणी पास झेलणारे रिसीव्हर आमच्या दिशेने धावत सुटलेले असतात; अमेरिकेत त्याला परवानगी नाही. धाव अडवायला आपण पुढे झेपावलो आणि चेंडू डोक्यावरून मागे गेला, तर एवढ्या रुंदीत मागे वळून जागा गाठणं जवळपास अशक्य. म्हणून समोरच्या फळीतला गार्ड पुढे रेटतोय की पाससाठी मागे सरकतोय, हे त्याच्या खांद्यांवरून वाचायचं आणि मगच पाय उचलायचा. कबड्डीतला कोपरारक्षक चढाईपटूच्या पावलांवर नजर ठेवतो, तसंच हे.

यावर कोणी म्हणेल, शेवटी मोजतात ते टॅकलच, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला किती वेळा पाडलं तेच. कॅनडाच्या लीगमधल्या बीसी लायन्स संघाचा लाइनबॅकर सॉलोमन एलिमिमियनने 2014 मध्ये 143 टॅकल केले आणि लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. केवळ बचावात खेळणाऱ्याला हा मान पहिल्यांदाच मिळाला. आकडा खरा आहे, पण अपुरा. लाइनबॅकर वेळेवर जागी पोचलेला दिसला म्हणून क्वार्टरबॅकने पास दुसरीकडे फेकला, तर त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पाय साथ देत नसतील तर वाचून उपयोग काय? मान्य, ठरावीक वेगाखाली सगळंच व्यर्थ. पण एलिमिमियनचंच पुढे काय झालं ते पाहा. 2015 मध्ये त्याची टाचेमागची अकिलीस शीर तुटली. ही दुखापत पहिल्या झेपेचा जोरच हिरावून नेते आणि अनेकांची कारकीर्द तिथेच थांबते. तो परतला, आणि 2017 मध्ये 144 टॅकल करून त्याने स्वतःचाच विक्रम मोडला. शीर तुटण्याआधीच्या पायांपेक्षा त्यानंतरचे पाय वेगवान होते, असं मला पटत नाही. वाढली होती ती नजर. लायन्समध्ये त्याच्या शेजारी उभा राहणारा अ‍ॅडम बिगहिल जेमतेम पाच फूट दहा इंचांचा, तरी 2015, 2018 आणि 2021 असा तीनदा तो लीगचा सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला. निवड शिबिरांत मात्र अजूनही आधी उंची, 40 यार्डांची धाव आणि बेंच प्रेस मोजतात.